तीन सिलिंडरवर घरी पोचवणारं इंजिन

प्रीमियर पद्मिनीचं इंजिन एक सिलिंडर पूर्ण बंद पडलेला असतानाही माणसाला घरी पोचवतं. थरथरतं, चढावर दम टाकतं, पेट्रोल जास्त पितं, पण पोचवतं. मुंबईचे टॅक्सीवाले याच गुणासाठी या गाडीवर जीव टाकायचे. गाडी उभी राहिली की धंदा बुडाला, आणि ही गाडी सहसा उभी राहत नसे. मी परळच्या एका गॅरेजात हेल्पर म्हणून लागलो तेव्हा दारातल्या रांगेत बहुतेक फियाटच असायच्या. पुढे स्वतःचं गॅरेज झालं, शेकड्यांनी इंजिनं उघडली, बांधली. जसजसा हात बसत गेला तसतसं माझं एक मत पक्कं होत गेलं. या इंजिनाला त्याचा सोशिकपणाच मारतो.

आजच्या गाडीत एखादा सेन्सर बिघडला की समोर दिवा लागतो, माणूस घाबरून गॅरेज गाठतो. पद्मिनीत दिवे दोन-चारच. पॉइंट झिजला, टॅपेट आवळला, रेडिएटर अर्धा चोंदला, तरी गाडी चालत राहते आणि मालक म्हणतो, ‘चालतेय ना, मग कशाला हात लावायचा?’ जे काम एक स्क्रूड्रायव्हर आणि फिलर गेज घेऊन अर्ध्या तासात झालं असतं, ते वर्षभराने लेथवाल्याच्या दारात जाऊन पडतं.

हे इंजिन किती जुनं आहे याची कल्पना फारशी कुणाला नसते. इटलीतल्या ट्युरिनमध्ये फियाट कंपनीने १९३७ साली ५०८ सी नावाची मोटार काढली, तिच्यात या घराण्याचं मूळ इंजिन आहे. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, चार सिलिंडर ओळीत, एकूण १०८९ सीसी. आपल्याकडे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट बनू लागल्या. आधी लोक जिला डुक्कर फियाट म्हणत ती गोलमटोल गाडी, मग साठच्या दशकात ११०० डी, आणि सत्तरच्या दशकात तीच गाडी पद्मिनी झाली. फियाटने इटलीत ११०० डीला मोठं, १२२१ सीसीचं इंजिन दिलं होतं. आपल्याकडे मात्र ६८ गुणिले ७५ हेच माप शेवटपर्यंत राहिलं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी काढलेलं माप एकविसाव्या शतकात ताडदेवच्या सिग्नलवर टॅक्सीत धडधडत होतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

रचना सरळ. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, तिला क्रँकवरून चेन. वर पुशरॉड, रॉकर आणि आठ व्हॉल्व्ह. क्रँकला मेन बेअरिंग तीनच. कॉम्प्रेशन रेशो सात-साडेसातच्या आसपास, म्हणजे आजच्या हिशेबाने फारच कमी. ताकद सुमारे चाळीस हॉर्सपॉवर, आणि तेवढ्यावर पाच माणसं, टपावर सामान आणि बोरघाट. एक कार्बोरेटर, एक डिस्ट्रिब्युटर, कॅमवर चालणारा पेट्रोल पंप. बॉनेट उघडलं की प्रत्येक वस्तूला हात पोचतो, आणि खाली वाकून पाहिलं तर जमीनही दिसते. शिकणाऱ्या पोराला याहून चांगलं इंजिन मिळणार नाही, असं मी मनापासून म्हणतो.

आमच्या वस्तादांचा क्रम ठरलेला होता: आधी करंट, मग पेट्रोल, मग कॉम्प्रेशन. गाडी मिसिंग मारत आली की हेल्पर आधी कार्बोरेटर खोलायला धावायचे, कारण ते काम दिसायला मोठं. वस्ताद हात धरायचे. कार्बोरेटरच्या नावाने आलेल्या तक्रारींत निम्म्याहून जास्त वेळा दोष डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखालीच निघतो, हे मीही पुढे असंख्य वेळा पाहिलं.

त्या टोपीखाली पाहण्यासारखं खूप असतं. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, म्हणून पॉइंटमधलं अंतर हळूहळू कमी होतं. ते साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित आत असावं लागतं. अंतर कमी झालं की टायमिंग आपोआप मागे पडतं. टायमिंग मागे पडलं की पेट्रोल उशिरा पेटतं, ताकद कमी मिळते आणि उरलेली उष्णता एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हवर आणि हेडवर जाते. ड्रायव्हर पाय जास्त दाबतो, उष्णता आणखी वाढते. रेडिएटर आधीच चोंदलेला असेल तर पाणी उकळतं. शेवटी हेड गॅस्केट जातं, आणि मालकाला वाटतं, गॅस्केट खराब क्वालिटीचं होतं! त्या गॅस्केटची सुरुवात वर्षभरापूर्वी एका झिजलेल्या टाचेपासून झालेली असते. पॉइंटवर निळसर जळल्याची खूण किंवा एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा दिसला, तर कंडेन्सर संशयित. तो तपासायला यंत्र लागत नाही. चांगला कंडेन्सर लावून पाहायचा, फरक लगेच कळतो.

पावसाळ्यात हाच डिस्ट्रिब्युटर वेगळा त्रास देतो. हिंदमाताला पाणी भरलं की रस्त्याच्या कडेला फियाटची रांग लागायची. पंखा पाणी उडवतो, टोपी आणि एचटी वायर ओल्या होतात, करंट भलतीकडे पळतो. जाणते ड्रायव्हर पाण्यात शिरण्याआधी थांबून डिस्ट्रिब्युटरला प्लास्टिकची पिशवी बांधत. बंद पडलीच तर टोपी काढून आतून कोरड्या फडक्याने पुसायची, आणि उजेडात धरून आत केसासारखी बारीक काळी रेघ आहे का ते पाहायचं. ती रेघ म्हणजे करंटची पळवाट. रेघ असलेली टोपी कितीही पुसली तरी पुढच्या सरीला पुन्हा दगा देणार. ती बदलायची.

पेट्रोलच्या बाजूला सर्वांत जास्त बदनाम झाला तो पंप. द्रुतगती मार्ग सुरू होण्याआधी, म्हणजे २००२ पूर्वी, मुंबई-पुण्याची सगळी वाहतूक जुन्या बोरघाटानेच चढायची. मे महिन्यात दुपारी शिंगरोबाच्या देवळापाशी बॉनेट वर केलेल्या गाड्या हमखास दिसत. पंप इंजिनाला चिकटलेला, आतलं पेट्रोल तापून त्याची वाफ होते, आणि पंप वाफ ओढू शकत नाही. लोक पंपावर ओलं फडकं टाकून बसत, दहा मिनिटांत गाडी चालू होई. उपाय खरा आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण सगळं नीट असलेली फियाट तोच घाट त्याच उन्हात न थांबता चढते, हे मी ड्रायव्हरांना कळकळीने सांगायचो. दरवेळी फडकं लागत असेल, तर टायमिंग, पाणी किंवा पंपाचा पडदा यांपैकी काहीतरी आधीच बिघडलेलं असतं.

पडद्याचं दुखणं कमी लोकांना माहीत आहे. पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल झिरपून ऑइलमध्ये उतरू शकतं. डिपस्टिक काढली तर ऑइलची पातळी वाढलेली दिसते. मालक खूश होतो की इंजिन ऑइल खात नाही. ती डिपस्टिक नाकाशी धरायची. पेट्रोलचा वास आला तर गाडी तिथेच बंद करायची, कारण पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला आधार देत नाही, आणि बेअरिंग बोलायला लागलं की क्रँक ग्राइंडिंगपर्यंत जावं लागतं. पडदा थोडक्या पैशांत मिळतो.

आता हेड. या इंजिनात मला सर्वांत जास्त जपावंसं वाटतं ते हेच.

तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या दुपटीहून अधिक प्रसरण पावतं. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं, म्हणजे गाडी तापते आणि निवते तेव्हा दोघं वेगवेगळ्या मापाने हलतात, आणि मधलं गॅस्केट ते सगळं सोसतं. इंजिन नेहमीच्या तापमानात राहिलं तर हे वर्षानुवर्षं चालतं. एकदा सणसणीत उकळलं की हेड वाकतं.

गिरगावातले एक निवृत्त शिक्षक त्यांची पद्मिनी घेऊन आले होते. गाडी वडिलांच्या वेळची, झळझळीत ठेवलेली. तक्रार एवढीच, की पाणी रोज थोडं कमी होतं. “अहो मिस्त्री, खाली थेंब नाही, होजला ओल नाही, मग पाणी जातं कुठे?” त्यांनी आधी दुसऱ्या एका गॅरेजात दाखवलं होतं आणि तिथे रेडिएटरमध्ये हळद टाकून दिली होती. बारीक गळती बुजवायला ही युक्ती आपल्या ड्रायव्हरांत जुनीच आहे, आणि रात्रीच्या आडरानात मीही तिला मना करणार नाही. पण हळद गळती शोधत जात नाही, ती जिथे अरुंद जागा मिळेल तिथे बसते. रेडिएटरच्या नळ्या सर्वांत अरुंद.

थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून सरांना स्टार्ट मारायला सांगितलं. तोंडाशी एकसारखे बुडबुडे येत होते, अगदी नियमित. चारही प्लग काढून बाकावर क्रमाने ठेवले. एक आणि चारचे प्लग तपकिरी, कोरडे. तीनचा काजळलेला. दोन नंबरचा मात्र धुतल्यासारखा पांढरा स्वच्छ. पाण्याची वाफ सिलिंडरमध्ये शिरली की प्लग असाच धुऊन निघतो. मग कॉम्प्रेशन गेज लावलं. एक आणि चारला सव्वाशे पौंडांच्या आसपास, दोन आणि तीनला साधारण साठ, आणि दोन्हीकडे जवळपास सारखंच. शेजारचे दोन सिलिंडर एकाच आकड्याला येऊन बसले की मधली गॅस्केटची पट्टी जळाली, हे हेड न उघडताच सांगता येतं. सर शेजारी उभे राहून एकेक आकडा वहीत लिहून घेत होते. मी “सर, आता उघडावं लागेल” म्हणालो तेव्हा त्यांनी का म्हणून विचारलं नाही, कारण ते त्यांना त्यांच्या वहीत दिसत होतं.

अशी हेडं सहज निघत नाहीत. लोखंडी स्टडवर ॲल्युमिनियम गंजून चिकटतं. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटण्याचा मोह आवरायचा, कारण तिथे पडलेला ओरखडा म्हणजे पुढच्या गॅस्केटच्या गळतीची जागा. नट सैल करून ठेवायचे, पूर्ण काढायचे नाहीत, आणि प्लग लावून क्रँक फिरवायचा. इंजिनाचं स्वतःचंच कॉम्प्रेशन हेड उचलतं. नाहीच हललं तर लाकडी ठोकळा आणि सबुरी. सरांच्या गाडीचं हेड संध्याकाळी निघालं. साफ करून त्यावर सरळ पट्टी ठेवली, खालून फिलर गेज सरकवला. मधोमध आठ थाऊची, म्हणजे इंचाच्या आठ हजारांशाची, पात बिनदिक्कत आत गेली. दोन-तीन थाऊपर्यंत मी चालवून घेतो, आठ नाही.

फेसिंगला पाठवताना लेथवाल्याला बजावून सांगावं लागतं, की सपाट होण्यापुरतंच घे. जितका धातू जाईल तितकी पुढच्या खेपेची संधी कमी होते. हेड खाली बसतं म्हणून टॅपेटही नव्याने सेट करावे लागतात. बसवताना नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच आवळायचे. हाताच्या अंदाजावर गर्व असणारे पुष्कळ कारागीर मी पाहिले, त्यांची इतर कामं उत्तमही असतात, पण हेडच्या बाबतीत मी कुणाचा अंदाज मानत नाही. रेडिएटर खोलून रॉडिंग केलं तेव्हा नळ्यांतून पिवळा चिखल निघाला.

थर्मोस्टॅटबद्दल इथेच सांगतो. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायची आपल्या गॅरेजांत सर्रास सवय आहे. त्याने इंजिन लवकर गरम होत नाही, थंड सिलिंडरच्या भिंतीवर पेट्रोल ऑइल धुऊन नेतं, ऑइलमध्ये पाण्याचा अंश साचून चिखल होतो, बोअर झिजतात. तापण्याचं खरं कारण मात्र जिथे होतं तिथेच राहतं. थर्मोस्टॅट अडकला असेल तर नवा बसवा. तो बनवणाऱ्यांनी उगाच घातलेला नाही.

व्हॉल्व्हच्या गोष्टीत टॅक्सीचा इतिहासच येतो. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि त्याचा पातळ थर व्हॉल्व्हच्या सीटवर बसून तिला जपायचा. १९९५पासून मुंबईसारख्या महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल मिळू लागलं, आणि २००० सालच्या फेब्रुवारीपासून देशभर शिशाचं पेट्रोल बंदच झालं. माणसांच्या, विशेषतः मुलांच्या आरोग्यासाठी ते आवश्यकच होतं. पाठोपाठ उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर मुंबईच्या टॅक्स्या सीएनजीवर गेल्या. डिकीत सिलिंडर आला, सामानाची जागा गेली, आणि आमच्याकडे येणारी दुखणी बदलली.

गॅस कोरडा. पेट्रोलचे बारीक थेंब आत येताना थोडी उष्णता शोषतात, गॅस ते करत नाही. शिसंही नाही. त्यामुळे एक्झॉस्टची सीट ठोकर खाऊन खाऊन खोल जाते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटमधलं अंतर कमी होत जातं. इथे फसगत होते. अंतर वाढलं की टॅपेट टकटक करतो, ड्रायव्हर तक्रार घेऊन येतो. अंतर संपलं की इंजिन उलट शांत होतं, गोड वाटतं. पण व्हॉल्व्ह आता पूर्ण मिटत नसतो. सीटला टेकूनच तो आपली उष्णता हेडला देतो, टेकला नाही की कडेने जळतो. म्हणून सीएनजीवरची टॅक्सी फार शांत चालायला लागली की मला काळजी वाटायची. ड्रायव्हरांना मी नियम घालून दिला होता: आवाज असो वा नसो, ऑइल बदलताना टॅपेट कव्हर उघडायचंच. जे पाळत, त्यांची हेडं टिकली. ज्यांच्या सीट गेल्या त्यांना आम्ही कडक धातूच्या सीट बसवून दिल्या. ॲल्युमिनियमच्या हेडात सीट वेगळी बसवलेलीच असते, त्यामुळे ती बदलता येते, ही मोठी सोय.

गॅस हळू जळतो, म्हणून टायमिंग थोडं पुढे लागतं. पण तीच गाडी पेट्रोलवरही चालवायची असते, तेव्हा मधला तोल साधावा लागतो. गॅसला ठिणगीही जोरकस हवी, म्हणून पेट्रोलवर खपून गेलेली थकलेली कॉइल गॅसवर लगेच उघडी पडते. मला गॅसचा हा एक गुणच वाटतो. ऑइल मात्र गॅसवर बराच काळ स्वच्छ राहतं, हे कबूल करायला हवं.

धुराची गोष्ट थोडक्यात सांगतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, एवढं सगळ्यांना माहीत असतं. कधी येतो ते विचारायचं. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून आल्यावर पुन्हा पाय दिला की भपकन येत असेल, तर व्हॉल्व्हच्या गाइड गेल्यात. रेस करताना एकसारखा येत असेल, तर रिंग किंवा बोअर. खात्रीसाठी कॉम्प्रेशन घ्यायचं, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घ्यायचं. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर दोष वर व्हॉल्व्हकडे. एवढं न करता ‘बोअर करावा लागेल’ असं सांगणाऱ्याकडे गाडी सोडू नये.

पद्मिनीचं उत्पादन नव्या शतकाच्या सुरुवातीला थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदवली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर या टॅक्स्या रस्त्यावरून गेल्या. सुटे भाग अजून मिळतात, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, ऑपेरा हाउसच्या दुकानांत, पण पारखून घ्यावे लागतात. पॉइंट घेताना टाच कडक आहे का ते नखाने दाबून बघा. पंपाच्या पडद्याला नव्या पेट्रोलमधलं इथेनॉल चालतं का ते विचारा. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. जुनं रबर त्याने फुगतं आणि तडकतं. कार्बोरेटरला काही कळत नाही, तो पूर्वीइतकंच माप सोडतो, म्हणून मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन जास्त तापतं. मी मेन जेट एखादी पायरी मोठा घालतो आणि प्लगचा रंग पाहून ठरवतो.

हल्ली माझ्याकडे येतात ती आजोबांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणू पाहणारी तरुण पोरं. वर्षानुवर्षं चाळीच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी. नवी बॅटरी आणलेली असते आणि लगेच चावी फिरवायची घाई असते. मी आधी बॅटरीची वायर काढून ठेवतो. टाकी रिकामी करायची, कारण इथेनॉलवालं पेट्रोल पडून राहिलं की पाणी धरतं आणि ते तळाशी बसतं. कार्बोरेटरचं भांडं धुवायचं. प्लग काढून प्रत्येक बोअरमध्ये चमचाभर ऑइल सोडायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी टॉप गिअर टाकून दोघांनी गाडी इंचाइंचाने ढकलायची. अडकली तर जोर लावायचा नाही, आणखी ऑइल, आणखी एक रात्र. मोकळी फिरली की जुनं ऑइल काढून नवं भरायचं, पॉइंट पॉलिश पेपरने साफ करायचे, टॅपेट तपासायचे. मगच बॅटरी जोडायची, आणि प्लग न लावता स्टार्टर मारत राहायचं, ऑइल प्रेशरचा लाल दिवा विझेपर्यंत. तो विझला म्हणजे ऑइल बेअरिंगपर्यंत पोचलं. मग प्लग लावायचे, चोक ओढायचा आणि चावी त्या पोराच्या हातात द्यायची. फिलर गेज कसा धरायचा हेही मी त्याला तेव्हाच शिकवतो, आणि पाचशे किलोमीटरनंतर टॅपेट त्याने स्वतः तपासून मला आकडे कळवायचे असं ठरवून घेतो.